हाडाला लागलेलं

भिशी यंदा डिसेंबरात लागली,
म्हणून हॅम चौदा पौंडांचा.
टँटी युलोजीने तो पोर्ट ऑफ स्पेनहून आणला
जीपमध्ये, मांडीवर घेऊन.
पारामीनच्या चढणीवर प्रत्येक वळणाला
दोन्ही हातांनी त्याला सावरत राहिली.
मला म्हणाली, तू खिडकीला धर.

अंगणात तीन दगड, त्यांवर रॉकेलचा डबा.
राखेने तीनदा घासलेला, तरी सिल्व्हानमामा
दरवर्षी वाकून हुंगतो, दरवर्षी म्हणतो,
येतोय वास.
टँटी दरवर्षी म्हणते, तो तुझ्या मिशांचा.

रात्रभर डबा बुडबुडला.
खारट पाणी केळीच्या बुंध्याला नको म्हणून
लांब, रस्त्यावर नेऊन ओतलं,
पुन्हा भरलं, पुन्हा जाळ.
पहाटे तिने कातडी सोलली,
पावसात भिजून आल्यावर माझे मोजे ओढते तशी,
एका दमात.
खाली चरबी, कोऱ्या वहीसारखी.
तिच्यावर सुरीने तिरप्या रेघा,
मग उलट्या तिरप्या,
आणि चौकटीचौकटीत लवंग.
लवंगा मी टोचल्या. एकशे सात.
अंगठा संध्याकाळपर्यंत माझा नव्हता.

पाकात तांबडी साखर, अननसाचा रस, मोहरीची पूड
आणि घोटभर रम;
त्यातली अर्धी मामाने चव बघण्यात संपवली.
ब्रश नाही. पण आमच्या उतारावर थाइमच थाइम.
टँटीने काड्यांची जुडी बांधली, तीच पाकात बुडवली,
ओव्हन उघडला, माखलं, बंद केला,
उघडला, माखलं.
पाचव्या वेळी हॅम असा लकाकला
की त्यात तोंड बघून भांग पाडावा.
ती म्हणाली, डावीकडे करपलाय.

गाणारे रात्री तीनला आले
क्वात्रो आणि खुळखुळे घेऊन,
स्पॅनिश गात, जी त्यांतल्या दोघांनाच कळते.
दार उघडेपर्यंत
येशू चार वेळा जन्मला.
टँटीने काप काढले, इतके पातळ
की मामा म्हणाला, यातून पेपर वाचता येईल.
सगळ्यांना पुरले. कसे, ते तिलाच ठाऊक.

सव्वीसला पावात, तिखट लोणच्यासोबत.
सत्तावीसला अंड्यांत.
अठ्ठावीसला भातात, बारीक,
शोधून शोधून खायचा.
एकोणतीसला मी विचारलं, आज काय आहे,
तर कोणी उत्तर दिलं नाही.

उरलं हाड. ओल्या फडक्यात, शिंक्यासारखं टांगलेलं.
सरत्या वर्षाच्या रात्री ते चवळीत पडतं,
त्याशिवाय आमच्याकडे नवं साल उजाडत नाही.
फडकं सोडून बघितलं मी:
हाडाला मांस होतं. थोडं नव्हे,
माझ्या तळहाताएवढं.
टँटी, तुझी सुरी इथे चुकली.
तिने हातावर चापट मारली.

एकतीसला दुपारी तेच हाड माझ्या हातात:
जा, मिस ॲग्नेटाला दे.
मिस ॲग्नेटा! जिच्या बकरीने
आमची पात ओरबाडून खाल्ली
आणि दोन वर्षं कुंपणावरून
कोंबडीसुद्धा बोलली नाही.
काय सांगू तिला?
सांग, आमच्याकडे चवळी नाही.

चवळी घमेल्यात भिजत होती. टँटीच्या मागेच.

मिस ॲग्नेटाने फडकं उघडलं,
हाड हातात झेललं, वजन करावं तसं,
बोटाने मांस चाचपलं.
तुझ्या टँटीला, ती म्हणाली,
अजून कापता येत नाही.
आणि दार लावलं, पण हळू.

बारा वाजता दरीत बांबूच्या तोफा उडाल्या.
सकाळी कुंपणाच्या खांबावर वाडगा,
वर ताटली, ताटलीवर दगड.
वाडगा आमचाच, निळ्या काठाचा;
दोन वर्षं टँटी म्हणत होती, हरवला.

त्या दिवशी दोन्ही घरची चवळी आम्ही खाल्ली.
आमची अळणी.
तिची टँटीने शेवटपर्यंत खाल्ली,
बोटाने वाडगा पुसून घेतला,
म्हणाली, मीठ जास्त आहे,
आणि वाडगा धुवायला
मला दिला नाही.